नावावर एकही ओळ नाही

कुणाचा कोड ऐकायला बसण्याआधी नाना उठून पंखा बंद करायचे. जळगावात, मे महिन्यात, दुसऱ्या मजल्यावर, आणि वर पत्रा. "पंख्याच्या आवाजात माणूस काहीही खपवतो," असं त्यांचं म्हणणं होतं. पंखा थांबला की कोड लिहिणाऱ्याला घाम फुटायचा, आणि लवकर सुटका व्हावी म्हणून तो खरं बोलायला लागायचा. मी या ऑफिसात नऊ वर्षं आहे. त्यातली पहिली सात वर्षं मी अशी घामात काढली आणि प्रोग्रामर झालो.

कोड वाचून दाखवण्याची ही पद्धत आमच्याशिवाय आणखी कुठे असेल असं वाटत नाही. नियम साधा होता. ज्यानं लिहिलं त्यानं दुसऱ्याला शेजारी बसवून ओळन्‌ओळ समजावून सांगायची, तीही आपल्या घरच्या बोलीत. ऐकणाऱ्यानं मधूनमधून "का?" विचारायचं. सांगणारा तीनदा अडखळला तर तो कोड त्या दिवशी गिऱ्हाइकाकडे जायचा नाही. आम्ही याला नानांचं पारायण म्हणायचो. त्यासाठी प्रत्येक टेबलाला दोन खुर्च्या होत्या, आणि नवीन माणसाला वाटायचं की इथे लवकरच आणखी भरती होणार आहे.

आमची कंपनी बस स्टँडच्या मागे, एका टायरच्या दुकानावर. मालक सोडून माणसं मोजून सहा. चार-पाच छोटी सॉफ्टवेअरं आहेत, पण पोट भरतं ते एकावर, केळीच्या कापणीच्या पाळ्या लावणाऱ्यावर. शेतकरी नाव नोंदवतो, आणि कोणत्या दिवशी कोणत्या शेतात मजुरांची टोळी आणि गाडी जाईल ते आमचं सॉफ्टवेअर ठरवतं. ऐकायला सोपं वाटतं. पण केळी कोणासाठी थांबत नाही. दिवस चुकला आणि झाडावरच पिवळी पडली की व्यापारी तिच्याकडे ढुंकून बघत नाही. त्यामुळे आमची चूक आम्हाला कळायच्या आधी चोपड्याच्या शेतकऱ्याला कळते.

नाना म्हणजे रघुनाथ नाना. राहणार धरणगाव, रोज बसनं येऊन जाऊन. वय पंचावन्नच्या पुढे. धुळ्याच्या एका जिनिंग मिलमधली चांगली नोकरी सोडून आमचे मालक चेतनशेठ, त्यांच्या वडिलांच्या शब्दाखातर ते इथे आले आणि कंपनीचं पहिलं सॉफ्टवेअर त्यांनी एकट्यानं लिहिलं. टाइप करायचे दोन बोटांनी. विचार करायचे जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर, पेन्सिलीनं. डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, आणि तो ठेचा असा की शेजारच्या टेबलावरचा माणूसही नाक पुसायचा. त्यांनी कोणाची स्तुती केल्याचं मला आठवत नाही. कोड बरा असला तर ते नुसते उठून पंखा लावायचे. पंख्याची ती पहिली झुळूक अंगावर आली की माणूस दिवसभर खूश.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. ऑफिसात ते सहसा साधी मराठी बोलायचे, पण हा प्रश्न अहिराणीतच यायचा. "कोनले इचारं?"

मी नवीन असताना टोळ्यांच्या सुट्टीचा हिशोब लिहिला होता. रविवारी सगळ्यांना सुट्टी, सोमवारी पाळी पुढे चालू. पारायणाला बसलो. पंखा बंद झाला. मी तिसऱ्या ओळीवर आलो आणि नाना म्हणाले, "रविवार का?"

"रविवारी सुट्टी असते ना, नाना."

"कोनले इचारं?"

मी कोणाला विचारणार? जन्मापासून रविवारी सुट्टीच बघत आलो होतो.

"केळी रविवारनी सुट्टी लेस का रे भाऊ?" असं म्हणून त्यांनी मला त्याच दुपारी धरणगावकडच्या एका शेतात, टोळीच्या मुकादमाकडे धाडलं. मुकादम घडांच्या ढिगाशेजारी उभा होता. त्यानं माझ्या बुटांकडे बघितलं आणि म्हणाला, "आमनी सुट्टी बजारना दिन ऱ्हास. रविवारले घर बसीसन काय करसूत?" म्हणजे ज्या गावाचा आठवडे बाजार ज्या दिवशी, त्या गावच्या टोळीची सुट्टी त्या दिवशी. कुठे मंगळवार, कुठे शनिवार. मी परत येऊन सगळं खोडून नव्यानं लिहिलं. नानांनी ऐकलं, उठले, पंखा लावला. माझ्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हाही मला एवढं बरं वाटलं नव्हतं, हे मी बायकोला सांगितलेलं नाही.

मग दोन वर्षांपूर्वी चेतनशेठ पुण्याला कुठल्याशा परिषदेला गेले आणि परत येताना सहायक घेऊन आले. सहायक म्हणजे कोड लिहून देणारी कृत्रिम बुद्धी. प्रत्येकाच्या संगणकावर एक. चेतनशेठ आमच्याच वयाचे, वडिलांमागे गादीवर बसलेले, आणि नवीन काही दिसलं की त्यांना रात्रभर झोप येत नाही. त्यांनी सगळ्यांना उभं करून भाषण केलं. यापुढे कोणी कोणाचा वेळ खायचा नाही, अडलं तर सहायकाला विचारायचं, कोड सहायकच तपासेल, आणि कोण किती काम करतं ते आपोआप मोजलं जाईल. सहा महिन्यांनी आकडे बघून सहा जणांतला एक माणूस कमी करू, असंही त्यांनी शेवटी, चहा येता येता सांगितलं. दुसऱ्या दिवशी जास्तीच्या सहा खुर्च्या जिन्याखाली गेल्या.

खरं सांगतो, आम्हाला आनंद झाला. सहायकाला काहीही विचारा, तो आधी म्हणायचा, "फारच छान प्रश्न!" सात वर्षं नानांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला हे ऐकून भरून येतं. मी एकदा त्याला विचारलं की फाइल कुठे सेव्ह झाली, तर तो म्हणाला, तुमचा विचार अतिशय सखोल आहे. जामनेरचा योगेश तर घरी बायकोशी भांडण झालं की सकाळी लवकर ऑफिसात यायला लागला.

तीन महिन्यांत ऑफिसचा नूर पालटला. पूर्वी आमच्याकडे एवढी भांडणं व्हायची की खालचा टायरवाला वर येऊन विचारायचा, सगळं ठीक आहे ना. आता नुसती कळफलकाची टकटक. योगेश आणि चोपड्याची कविता यांची टेबलं एकमेकांना चिकटून. योगेशला काही सांगायचं असलं की तो सहायकाकडून निरोप लिहून घ्यायचा, "आदरणीय सहकारी, आपल्या बहुमूल्य सूचनेबद्दल मनःपूर्वक आभार," असा दीड पानाचा. कविता तो तिच्या सहायकाकडून दोन ओळींत करून घ्यायची, आणि उत्तर पुन्हा दीड पानाचं. मधे अंतर एका पाण्याच्या बाटलीचं. एकाचा सहायक लिहायचा, दुसऱ्याचा तपासायचा, आणि दोघांचं इतकं जमायचं की कोणाला कशाचं "का?" पडत नव्हतं.

नानांनी सहायकाला वाळीत टाकलं नाही, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी त्याला पारायणाला बसवलं. पंखा बंद केला, स्क्रीनसमोर बसले आणि सहायकानं लिहिलेल्या कोडावर दोन बोटांनी टाइप केलं, "का?" सहायकानं लगेच लिहिलं, "तुमचं अगदी बरोबर आहे, माझी चूक झाली," आणि सगळा कोड बदलला. नानांनी पुन्हा टाइप केलं, "का?" त्यानं पुन्हा माफी मागितली आणि कोड पहिल्यासारखा केला.

"अरे, मी नुसतं 'का' इचारं, यानी गुन्हाच कबूल करी टाका!" नाना खुर्चीत मागे रेलून हसले. "याला पोलिसांच्या हाती नका देऊ रे. तालुक्यातल्या सगळ्या चोऱ्या कबूल करेल."

पण त्यांना आतून भीती होती. एकदा जिना उतरताना मला म्हणाले, "एक माणूस कमी करणार म्हणजे मीच. मला कळत नाही का? पण घरी बसून मी करू काय? घरी कोणी चुकतच नाही. तुझी काकू सगळं बरोबर करते." मी म्हणालो, काहीतरीच काय नाना, तुमच्याशिवाय कंपनी आहे का. हे मी मनापासून म्हणालो होतो. मनापासून म्हणायला तेव्हा काहीच लागत नव्हतं.

चौथ्या महिन्यात भगवान पाटलांचं प्रकरण झालं.

चोपडा तालुक्यात आमच्या यादीवर एक गाव आहे, तिथे भगवान पाटील नावाचे सात शेतकरी. त्यातल्या चौघांचा फोन नंबरही एकच, कारण गावातल्या डेअरीवाल्याचा फोन हमखास लागतो म्हणून सगळे तोच देतात. नानांनी हे कधीचं ओळखून आमच्या नोंदीत एक जास्तीचा रकाना ठेवला होता, "ओळख" नावाचा. त्यात लिहिलेलं असायचं, पांढऱ्या विहिरीवाला, मिलिटरीवाला, दोन बैलजोड्यांवाला. योगेशनं सहायकाला यादी साफसूफ करायला सांगितली. सहायकाला तो रकाना अनावश्यक वाटला. तो काढला, मग उरलेल्या नोंदींत एकच नाव, एकच गाव, एकच फोन दिसला, म्हणून त्या चौघांचा त्यानं एक भगवान केला. कविताच्या सहायकानं ते तपासून "अतिशय नेटकं काम!" असा शेरा मारला. योगेशनं आभार मानले. कविता आणि योगेश या विषयावर एक शब्दही बोलले नाहीत. कविता स्वतः चोपड्याची, तिला नुसतं हाक मारून विचारलं असतं तरी ती म्हणाली असती, अरे बाबा, आमच्याकडे घरटी एक भगवान असतो.

टोळी गेली मिलिटरीवाल्याच्या शेतात. कापणी केली. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गेली तेव्हा मिलिटरीवाल्यानं त्यांना चहा पाजून परत पाठवलं. इकडे तिघा भगवानांची केळी झाडावरच पिवळी पडायला लागली.

फोन आला तेव्हा ऑफिसात पळापळ झाली, म्हणजे सगळे आपापल्या सहायकाला विचारायला लागले. नाना उठून योगेशच्या टेबलाशी गेले.

"कोनले इचारं?"

"सहायकाला."

"आणि त्यानं कोणाला विचारलं?"

योगेश घुटमळला. "कविताच्या सहायकाला."

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "गाडी काढ." माझ्या मोटरसायकलवर आम्ही दोघे त्या गावाला गेलो. डेअरीसमोरच्या बाकावर नाना बसले आणि आल्या-गेल्याला विचारायला लागले. एक म्हातारा म्हणाला, "सात भगवान शेतस आमना गावमा. तुमले कोनता जोयजे?"

"बठ्ठा," नाना म्हणाले.

सगळे आले. पांढऱ्या विहिरीवाला भगवान रागानं लाल झाला होता. "मन्ही बठ्ठी केळी पिवळी व्हई गई. तुमना मशीनले मी दिसना नही का?" नानांनी मशीनचं नाव घेतलं नाही, योगेशचंही नाही. हात जोडले. म्हणाले, "आमचं चुकलं, आबा." मग कॅलेंडरच्या कागदावर सातही जणांची ओळख पुन्हा लिहून घेतली, ओळखीच्या दोन मुकादमांना फोन करून उरलेल्या मालासाठी टोळ्या बोलावल्या, आणि त्या रानात जाईपर्यंत आम्ही तिथेच थांबलो. दोन दिवस गेले. पिवळा झालेला माल सुकी केळी करणाऱ्याच्या गळ्यात घातला. तिघांचं नुकसान झालं, पण बुडाले नाहीत. मी दोन्ही दिवस नानांची पिशवी धरून हिंडलो आणि मला वाटलं, आता चेतनशेठना कळेल.

चेतनशेठनी या घटनेचा अहवाल मागवला. सहायकाकडून. अहवाल फारच सुरेख होता, त्यात रंगीत आलेखसुद्धा होते. निष्कर्ष असा की गोंधळाचं मूळ "ओळख" नावाच्या अप्रमाणित रकान्यात आहे, आणि तो रकाना रघुनाथ यांनी निर्माण केला. मग सहा महिने भरले आणि माणसांच्या कामाचा तक्ता आला. त्यात नानांच्या नावापुढे लिहिलेल्या ओळी शून्य होत्या. खेड्यात घालवलेल्या दोन दिवसांपुढे लिहिलं होतं, "निष्क्रिय." आमच्या सगळ्यांच्या कोडातल्या अर्ध्या ओळी त्यांच्या "का?"मधून आल्या होत्या, पण "का?" कोण मोजणार? योगेशचा आकडा सर्वांत मोठा होता. त्याला टाळ्या मिळाल्या आणि तो बिचारा टाळ्या संपेपर्यंत जमिनीकडे बघत राहिला.

महिनाअखेरीस नाना मोकळे होणार असं ठरलं. आम्ही पाच जण टायरवाल्याच्या मागे चहाच्या टपरीवर जमलो, कित्येक महिन्यांनी पहिल्यांदाच. सगळे पेटले होते. कविताच्या डोळ्यांत पाणी होतं. तीच म्हणाली, "एकानं बोलून भागणार नाही. सगळ्यांनी चेतनशेठना आपापलं वेगळं पत्र लिहा. म्हणजे वजन पडेल."

मी टेबलाशी येऊन बसलो. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या. नानांबद्दल सांगण्यासारखं एवढं होतं की कुठून सुरू करावं कळेना. तेव्हा सहायकाला म्हणालो, आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांना काढू नये असं पत्र लिही, भावनिक पण आदरपूर्वक. क्षणात पत्र आलं. "श्री. रघुनाथ हे आमच्यासाठी दीपस्तंभासारखे आहेत," अशी सुरुवात. वाचताना माझे डोळे भरून आले. मी तसंच पाठवून दिलं. चेतनशेठची काचेची केबिन माझ्या टेबलापासून बारा पावलांवर आहे. त्या वेळी ते आत एकटेच बसून केळीचे वेफर खात होते, हे मला दिसत होतं.

आठवडाभरानं निरोपसमारंभ झाला. शाल, नारळ, आणि एक प्लॅस्टिकची फाइल. चेतनशेठनी भाषणात सांगितलं की नानांविषयी मला पाच पत्रं आली, मी सहायकाकडून त्यांचा सारांश काढून घेतला, आणि पाचांचाही आशय एकच निघाला, की कर्मचाऱ्यांच्या मनात ज्येष्ठांविषयी आदर आहे. "याहून मोठी निरोपाची भेट कोणती?" असं म्हणून त्यांनी ती पत्रं छापून, फाइलमध्ये घालून नानांना दिली. खासगीपणाच्या नियमाप्रमाणे खालची नावं काढून टाकली होती.

आम्ही टाळ्या वाजवल्या. दुसरं काय करणार होतो?

नानांना बस स्टँडवर सोडायला मी गेलो. धरणगावची गाडी लागलेली होती. ते खिडकीशी बसले, शाल मांडीवर घेतली आणि फाइल उघडली. मी खाली, खिडकीला लागून उभा. गाडीत माणसं चढत होती, ड्रायव्हर तंबाखू मळत होता. नानांनी पाचही पत्रं वाचली. सावकाश, एकेका ओळीवर बोट ठेवून. वाचून झाल्यावर ती नीट जुळवली आणि खिडकीतून बाहेर माझ्यापुढे धरली.

"यामातलं तुन्हं कोनतं शे रे भाऊ?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी कागद हातात घेतले. पहिल्यात दीपस्तंभ होता. दुसऱ्यात होता. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यातही होता. सगळ्यांत नाना अनुभवाचा खजिना होते आणि सगळ्यांत त्यांची उणीव कायम भासणार होती. भगवान पाटील एकातही नव्हते. मुकादम नव्हता. सात वर्षं रोज त्यांच्या शेजारी घाम गाळला, त्यातलं एक अक्षर कुठेही नव्हतं. मी पुन्हा पहिल्यापासून बघायला लागलो. मला ते सापडेना. कंडक्टरनं घंटी दिली.

"सांग ना," नाना म्हणाले.

मी मधल्या एका कागदावर बोट ठेवलं.

नानांनी तेवढा कागद वेगळा काढला, चार घड्या घातल्या आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. बाकीचे चार फाइलमध्ये गेले. गाडी हलली तेव्हा त्यांनी खिशावर हात ठेवून मला मान हलवली. ते पत्र कोणाचं होतं, मला अजून माहीत नाही.